आफ्रिका, चीन आणि मधे चाकण

ज्याचं काम एका वाक्यात सांगून संपतं, त्याच्याकडं किस्से साठत नाहीत. बँकेतल्या माणसाला कुणी "म्हणजे नक्की करता काय?" असं विचारतं का? मला रोज विचारतात. कंपनीच्या बसमध्ये, चिखलीच्या भाजीवाल्याकडं, सोसायटीच्या लिफ्टमध्ये. मी उत्तर देते आणि तळमजल्यापासून आमच्या मजल्यापर्यंत एक नवा किस्सा तयार होतो!

मी पीएचडी करते. विषय, आफ्रिका आणि चीन यांच्या संबंधांचा इतिहास. त्यातही एक जुनी रेल्वे. पूर्व आफ्रिकेत ती बांधायला चीनमधून कामगार गेले होते, तिथल्या कामगारांसोबत जंगलात राहिले, राबले. एकमेकांची भाषा येत नसताना ही माणसं रोजच्या रोज एकमेकांशी वागली कशी, एवढंच मला शोधायचं होतं. कागद ढिगानं मिळाले. दोन्ही सरकारांची भाषणं, करार, फोटो. पण माझ्या गाइड मॅडम म्हणजे खमक्या बाई. म्हणाल्या, "हे सगळं साहेब लोकांचं बोलणं झालं. त्या कामावर राबलेला एक तरी जिवंत माणूस बोलता कर. नाहीतर प्रबंधातून हे प्रकरण काढून टाक."

काढून टाक! बाई, त्या प्रकरणासाठी तर मी हा सगळा घाट घातलाय. वर मुदतवाढ शेवटची. तेव्हापासून मला कुठं म्हणून स्वस्थ बसता येत नाही. बसले की पाय हलतो. आई म्हणते, "पाय हलवू नको गं, घरात भांडणं होतात." मी म्हणते, होऊ देत, निदान काहीतरी होईल.

*

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, भोसरीच्या एका कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झाले. मूळचे आम्ही लातूरकडचे. सकाळी सोसायटीच्या बाकावर त्यांचा गावाकडच्या मित्रांचा कट्टा जमतो. त्यातल्या जगदाळेकाकांनी एकदा मला अडवलंच.

"कशावर लिहायलीस म्हनं तू?"

"आफ्रिका आणि चीनच्या संबंधांवर, काका."

काका गंभीर झाले. "बरे हायेत ना पण संबंध?"

"हो, तसे बरे आहेत."

"मग झालं की! कशाला उकरून काढायलीस?"

मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा पेपरात. ते अशा वेळी कायम पेपरात असतात. दुसऱ्या दिवशी मी बस पकडायला पळत होते तर काका पुन्हा आडवे आले. म्हणाले, "रात्री लई विचार केला मी. उद्या त्यांचं भांडण झालं तरी तू मधी पडायचं नाही. आपल्याला मुंबईला मामा हाय का कोण?"

याचा मुंबईच्या मामाशी काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही. बस मात्र चुकली.

*

तर ही बस चाकणची. तिथल्या एका कंपनीत मी दुभाषी आहे. आमच्याकडं तीनचाकी गाड्यांच्या चॅसी होतात. कंपनीनं वेल्डिंगचं भलंमोठं मशीन चीनमधून मागवलं. मशीन आलं, पण ते बसवून देणारा इंजिनिअर येईना, कारण त्याला व्हिसा मिळेना. मग ठरलं की तो तिकडून व्हिडिओवर सांगणार, इकडं मेंटेनन्सवाले करणार आणि मधे कुणीतरी चिनी जाणणारं उभं राहणार.

प्लँट हेड गुप्तासाहेबांनी मला मुलाखतीला विचारलं, "मॅडम, चायनीज आती है ना?"

"पढ़ लेती हूँ, सर. पुराने सरकारी काग़ज़..."

"तो मशीन का मैन्युअल भी काग़ज़ ही है!" झाली नेमणूक.

पहिल्या दिवशी स्टँडवर टॅब लावला. पलीकडं ल्यू नावाचा इंजिनिअर, चाळिशीचा, हातात थर्मास. अलीकडं मेंटेनन्सचे बाळूभाऊ. बाळूभाऊ चाकणजवळच्या गावातलेच. घरची जमीन एमआयडीसीत गेली आणि त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या कंपनीत हे नोकरीला लागले. ते म्हणाले, "ताई, त्याला इचारा, कुठनं सुरू करायचं?"

आता माझं चिनी सगळं जुन्या करारांतून शिकलेलं. मी घसा साफ केला आणि बोलून गेले, "आदरणीय कॉम्रेड ल्यू, दोन्ही देशांच्या बंधुभावाला स्मरून आम्ही आपल्या मौलिक मार्गदर्शनाची नम्र प्रतीक्षा करत आहोत!"

ल्यूनं थर्मास खाली ठेवला. पाच मिनिटं हसत होता. मग म्हणाला, "तुमच्या कंपनीनं माझ्या आजोबांना कामावर घेतलंय का?"

बाळूभाऊ मला विचारतात, "काय म्हनला?"

"म्हणाला, छान बोलता."

"मंग पोट धरून का हसतोय त्यो?"

त्या दिवसापासून ल्यूचा लिऊभाऊ झाला. आणि बोल्टला चिनीत काय म्हणतात, ते मी त्याच्याकडून शिकले.

*

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या मशीनांची पूजा असते. हळदकुंकू, नारळ, झेंडूच्या माळा. नव्या मशीनला तर नवरीसारखं सजवलेलं. पूजा झाली, पेढे वाटले, गुप्तासाहेबांनी स्वतः स्टार्टचं बटण दाबलं.

मशीन ढिम्म!

पुन्हा दाबलं. लाल दिवा. साहेबांचा चेहरा पडला, कारण सगळ्यांसमोर झालेलं. लगेच लिऊभाऊला व्हिडिओवर घेतलं. तो एक एक वायर तपासायला सांगतोय, बाळूभाऊ तपासतायत, मी मधे बडबडतेय. करंट बरोबर, हवा बरोबर, प्रोग्रॅम बरोबर. तासभर गेला. गर्दीत कुजबुज सुरू झाली की नारळ नीट फुटला नव्हता.

शेवटी लिऊभाऊ म्हणाला, "जरा लांबून अख्खं मशीन दाखवा." मी टॅब उचलून मागं गेले. तो पुढं वाकला, डोळे बारीक केले आणि एकदम इंजिनिअरच्या आवाजात म्हणाला, "ते समोरचं पिवळं लांब काय आहे? आमच्या ड्रॉइंगमध्ये नाही."

झेंडूची माळ! मशीनच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. कुणाचा हात आत गेला तर मशीन बंद पडावं म्हणून. आमची माळ बरोब्बर त्या किरणांवर लोंबत होती. मशीनला वाटत होतं, कुणाचा तरी हात आत आहे!

साहेब ओरडले, "निकालो उसको!" बाळूभाऊ हलले नाहीत. "पुजेची माळ हाय साहेब, आज न्हाई काढायची." बराच वेळ दोघांचं चाललं. मग माळ चार बोटं वर बांधली आणि मशीन सुरू झालं. टाळ्या!

लिऊभाऊ सगळं बघत होता. म्हणाला, "माझे वडील सांगायचे, त्यांच्या साइटवर नवी क्रेन आली की तिथले लोक आधी प्रार्थना म्हणायचे. चिनी साहेब चिडायचे. प्रार्थना झाल्याशिवाय कुणी क्रेनला हात लावत नसे."

मी सहज विचारलं, "कुठली साइट?"

"आफ्रिकेत. तरुणपणी रेल्वे बांधायला गेले होते ना ते. आता घरीच असतात."

मी टॅब तोंडाजवळ आणला. एवढी वर्षं मी ज्या माणसाला कागदात शोधत होते, तो ह्या लिऊभाऊच्या घरात बसून चहा पीत होता!

*

मॅडमना फोन केला. त्या आनंदानं ओरडतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "मुलानं सांगितलेलं चालणार नाही. म्हाताऱ्याच्या तोंडून पाहिजे."

झालं, लागले मागं. दर रविवारी मी घरून लिऊभाऊला फोन लावायचे आणि तो फोन घेऊन वडिलांच्या खोलीत जायचा. म्हातारा सत्तरी उलटलेला, ताठ, पांढरे भुरभुरीत केस. पहिल्या रविवारी म्हणाला, "जेवतोय." दुसऱ्या रविवारी म्हणाला, "जेवलोय, झोपतोय." तिसऱ्या रविवारी नुसता कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

आई मागं उभी राहून बघत होती. म्हणाली, "तुझ्या अण्णासारखंच हाय की हे!"

मी चिडले. "आई, तू जा बरं."

"आगं, पण असं कोरडं कोरडं कुणी बोलतं का? माणसाला काहीतरी खायला विचारावं आधी." आणि मी नको नको म्हणत असताना ती स्वयंपाकघरातून तव्यावरची पुरणपोळी ताटात घेऊन आली आणि थेट कॅमेऱ्यासमोर धरली. वर तूप सोडून दाखवलं! म्हातारा हळूच वळला. पोळी बघितली. आईला बघितलं. आणि फोनच बंद केला.

मला रडू फुटायचं बाकी होतं. आई समाधानानं म्हणाली, "लाजला बघ. पुढच्या बारीला बोलंल."

पुढच्या बारीला तो फिरायला गेला होता. त्याच्या पुढच्या बारीलाही.

*

मग मी रविवारची वाट बघणं सोडलं आणि कामाच्या वेळेतच घुसखोरी सुरू केली. बाळूभाऊ विचारायचे, "हा बोल्ट किती आवळू?" ते मी लिऊभाऊला विचारायचे आणि त्याच दमात वडिलांचं विचारून घ्यायचे. बरे आहेत का? मूड कसा आहे? जुने फोटो आहेत का? नसतील तर का नाहीत? लिऊभाऊ भला माणूस, सगळ्याची उत्तरं द्यायचा.

एक दिवस गुप्तासाहेब मागं येऊन उभे राहिले. बराच वेळ ऐकत होते. बाळूभाऊंचा प्रश्न एका ओळीचा आणि माझं भाषांतर संपेचना! साहेबांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, इतना लंबा बोल्ट कौन सा है?"

बाळूभाऊंनी मान वरसुद्धा केली नाही. "चायनाचा हाय साहेब. आटे लई असत्यात."

साहेब गेले. बाळूभाऊ पाना ठेवून माझ्यासमोर आले. "ताई, मी एवढे दिस इचारलं न्हाई. तुमाला त्या म्हाताऱ्याकडनं पायजे काय नक्की?"

मी तिथंच, मशीनच्या आवाजात, सगळं सांगितलं. रेल्वे, कामगार, मॅडम, शेवटची मुदत. तो बोलला नाही तर माझं अख्खं प्रकरण जाणार आणि मग बाकीच्या प्रबंधाला काही अर्थ नाही, हेही सांगितलं. बाळूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "आन त्याला काय पायजे, ते इचारलं का कुनी?"

मला राग आला. मनात म्हटलं, मुलाखत मी घेणार आहे, त्याला कशाला काय पाहिजे असेल!

*

आमच्या चॅसींच्या गाड्या पुढं आफ्रिकेत जातात. एकदा तिकडच्या खरेदीदार कंपनीच्या एक बाई प्लँट बघायला येणार होत्या. गुप्तासाहेबांनी मला सकाळीच गाठलं, "मॅडम, आप तो अफ्रीका की एक्सपर्ट हैं. स्वागत आप करेंगी."

एक्सपर्ट कसली! विमानाच्या खिडकीतूनसुद्धा आफ्रिका बघितलेली नाही मी. पण प्रबंधासाठी थोडी स्वाहिली शिकले होते. म्हटलं, दाखवून देऊ. बाई गाडीतून उतरल्या, मी गुच्छ पुढं केला आणि वाकून म्हणाले, "शिकामू!"

बाईंचा चेहरा विचित्र झाला. तेवढ्यात मला आठवलं, हा नमस्कार तिकडं वडीलधाऱ्यांना करतात. आणि बाई माझ्याच वयाच्या!

त्यांनी गुच्छ घेतला आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "अहो ताई, एवढी म्हातारी दिसते का मी?"

कॉलेज पुण्यात झालेलं त्यांचं! साहेबांना काही कळलं नाही. ते आपले अभिमानानं बघत होते की आमच्या मॅडमनी पाहुणीला स्वाहिलीत काय जिंकलंय!

जेवताना त्यांनी माझा विषय विचारला. मी उत्साहानं सगळं सांगितलं. चिनी कामगार, त्यांचे तंबू, त्यांचे साहेब, त्यांचं जेवण. त्या भात कालवता कालवता थांबल्या. "आणि आमची माणसं? ती तुमच्या पुस्तकात बोलतात की नुसती फोटोत उभी असतात?"

मी म्हटलं, "म्हणून तर धडपड चाललीय." खरं होतं ते. पण अर्धंच. त्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसून मी चिखली येईपर्यंत पाय हलवत होते. शेजारचा शेवटी उठून दुसरीकडं जाऊन बसला.

*

आणि आता हा शेवटचा किस्सा.

मशीनची अंतिम चाचणी होती. ती पास झाली की लिऊभाऊचं काम संपणार, व्हिडिओ बंद होणार. माझी मुदत त्याच आठवड्यात संपत होती. मॅडमचा सकाळीच मेसेज, "काय ठरलं त्या प्रकरणाचं?" मी उत्तर दिलं नव्हतं. मनातून ते प्रकरण मी काढून टाकलंच होतं.

लिऊभाऊ त्या दिवशी घरून बोलत होता. चाचणी चालू झाली. ठिणग्या उडतायत, बाळूभाऊ निळ्या डांगरीत, डोक्यावर पिवळं हेल्मेट, तोंड काजळीनं काळवंडलेलं. एकेक जोड तपासून अंगठा वर करतायत. तेवढ्यात लिऊभाऊच्या मागं दार उघडलं आणि म्हातारा हातात कप घेऊन आत आला. जाता जाता त्याची नजर स्क्रीनवर गेली. थांबला. खुर्ची ओढली आणि मुलाच्या शेजारी बसला.

मी घाईघाईनं म्हणाले, "आदरणीय काका, मला आपल्याला फक्त..."

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो बाळूभाऊंकडं बघत होता. एकटक. मग कपातला चहा तसाच ठेवून तो बोलायला लागला. चिनी नाही! अडखळत, थांबत, शब्द शोधत, पण स्वाहिली!

"रफिकी," म्हणाला. म्हणजे दोस्ता. आणि पुढं काहीतरी विचारलं.

लिऊभाऊनं वडिलांकडं पाहिलं. मला म्हणाला, "मी लहान असल्यापासून ही भाषा कधी ऐकली नाही यांच्या तोंडून."

म्हाताऱ्यानं पुन्हा तेच विचारलं. बाळूभाऊ माझ्याकडं वळले. "ताई, मला बोलतोय का त्यो? काय म्हनतोय?"

"म्हणतायत, दोस्ता, पूल आहे ना अजून? वाहून नाही ना गेला?"

"कुठला पूल?"

मी लिऊभाऊला विचारलं. तो हळू आवाजात म्हणाला, "तिकडं एका पुलावर होते ते, तिथल्या असल्याच डांगरीतल्या माणसांसोबत. मलेरिया झाला म्हणून काम अर्धं असतानाच घरी पाठवलं. वर पावसाळा तोंडावर. पुढं काय झालं ते त्यांना कुणी कळवलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही."

कुठली नदी, कुठला टप्पा, पुलाचं नाव काय, माझ्या डोक्यात भराभरा प्रश्न उभे राहिले. काहीही माहीत नसताना हो कसं म्हणायचं? नाही तरी कसं म्हणायचं? मी तोंड उघडलं.

पण बाळूभाऊ माझ्या आधीच पुढं झाले होते. त्यांनी हेल्मेट काढलं, कापडानं हात पुसले, टॅबच्या अगदी जवळ गेले आणि गावातल्या एखाद्या कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाले, "हाय! हाय की! जागचा हलला न्हाई! काल बी गाडी गेली त्याच्यावरनं!"

मग मला म्हणाले, "सांगा त्यास्नी."

मशीन थांबलं होतं. गुप्तासाहेब, पोरं, सगळे बघत होते. मला जेवढी येत होती तेवढ्या स्वाहिलीत मी एक एक शब्द जुळवून, ते सगळं सांगितलं. कालच्या गाडीसकट.

म्हाताऱ्यानं बाळूभाऊंकडं बघून मान हलवली. मग त्यानं कप उचलून गार चहा एका दमात संपवला, बाहीनं तोंड पुसलं, खुर्ची माझ्या बाजूला वळवली आणि स्वच्छ चिनीत म्हणाला, "हं. विचार आता, काय विचारायचंय ते."